पट्टीचे वादक, लोकांचा वाद्यवृंद

१९४१ साली इंग्लंडमध्ये ‘डेंजरस मूनलाइट’ नावाचा युद्धपट आला. नायक पोलंडचा; पियानोवादकही आणि लढाऊ वैमानिकही. त्याच्यासाठी रिचर्ड ॲडिन्सेल यांनी ‘वॉर्सा कन्चर्टो’ नावाची पियानो आणि वाद्यवृंदाची छोटी रचना केली. चित्रपट मागे पडला, रचना मात्र लोकांनी डोक्यावर घेतली आणि तिच्या रेकॉर्ड तडाखेबंद खपल्या. गंमत अशी की, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पियानो वाजवणाऱ्याचं नावच नव्हतं. वाजवला होता लुई केंटनर यांनी. हंगेरीतून इंग्लंडला आलेले केंटनर लिस्टच्या भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या रचनांसाठी प्रसिद्ध होते. नाव येऊ नये ही अट त्यांनीच घातली होती. सिनेमाच्या गोड सुरावटीला आपण हात लावला हे कळलं तर गंभीर मैफलींतली पत जाईल, अशी त्यांना धास्ती वाटत होती.

अव्वल दर्जाचा पियानोवादक आणि लोकरंजनासाठी उभा राहिलेला वाद्यवृंद यांचं नातं हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि केंटनर यांची धास्ती त्याच्या मधोमध बसलेली आहे. तिला कुणी जुमानलं नाही, कुणी तिच्यापायी नाव लपवलं, कुणी तिचंच भांडवल केलं. पाश्चात्त्य संगीताबद्दल मराठीत जे थोडंबहुत लिहिलं गेलं, ते बहुतेक बाख, मोत्झार्ट, बेथोव्हन या दैवतांभोवती फिरतं. देवळाबाहेरच्या जत्रेकडे फारसं कुणी पाहिलं नाही. ती उणीव या पुस्तकाने भरून काढली आहे. हा वाद आपल्याला परका वाटू नये. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाने १९१६ साली ‘स्वयंवर’च्या पदांना चाली दिल्या आणि घराण्याची गायकी तिकीट काढून आलेल्या नाट्यरसिकांच्या ओठांवर गेली. तेव्हा आपल्याकडेही नाकं मुरडणारे होतेच.

गंभीर आणि हलकं अशी वाटणी संगीतात पहिल्यापासून होती, असा एक समज आहे. तो खरा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या सार्वजनिक मैफलीत सिंफनीचा एखादा तुकडा, ऑपेरातलं गाणं, नाचाची चाल आणि एखाद्या वादकाची करामत हे सगळं एकाच ताटात वाढलेलं असे. खुद्द लिस्ट ऑपेरातल्या लोकप्रिय चालींवर रचलेल्या आपल्या फँटसिया वाजवून सभागृहं जिंकत असे. पॅरिसमध्ये १८३०च्या दशकात फिलिप म्युझार यांनी फिरता फिरता, गप्पा मारता मारता ऐकायच्या ‘प्रोमनाड’ मैफली लोकप्रिय केल्या. तोच प्रकार लंडनला नेला लुई ज्युलियँ यांनी. हा माणूस बेथोव्हनची रचना घ्यायची वेळ आली की चांदीच्या तबकातून पांढरे हातमोजे मागवायचा आणि रत्नजडित छडी हातात घ्यायचा. १८५४मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने ‘फायरमन्स क्वाड्रिल’ सादर केली तेव्हा खरोखरचे अग्निशामक दलाचे जवान आत घुसवले होते. त्याला नाटकी म्हणा, पण ज्यांनी आयुष्यात सिंफनी ऐकली नव्हती अशा हजारोंना ती त्यानेच ऐकवली.

पियानोच्या बाजूने या परंपरेचा पहिला मोठा माणूस लुई मोरो गॉटशॉक. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये शिकलेला. क्यूबा आणि दक्षिण अमेरिकेत फिरून तिथले ताल त्याने आपल्या पियानोत आणले. १८६९मध्ये रिओ द जानेरोला त्याने जवळपास साडेसहाशे वादकांची मैफल उभी केली. त्या दगदगीनंतर तो मंचावरच कोसळला आणि काही आठवड्यांत, वयाच्या चाळिशीतच गेला. त्याची गोष्ट लेखकांनी फार रंगवून सांगितली आहे. मी तिची चव आधीच घालवत नाही.

या साऱ्याला वाद्याच्या घडणीचाही आधार होता. अठराव्या शतकातल्या लाकडी सांगाड्याच्या पियानोला मोठ्या वाद्यवृंदासमोर आवाज टिकवणं शक्य नव्हतं. तारा जाड कराव्यात, ताण वाढवावा, तर सांगाडा वाकायचा. बॉस्टनच्या ॲल्फियस बॅबकॉक यांनी १८२५मध्ये एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं; त्याच शहरातल्या जोनास चिकरिंग यांनी ती चौकट ग्रँड पियानोत आणली. त्याआधी पॅरिसच्या एरार यांनी १८२१मध्ये अशी यंत्रणा केली होती की, पट्टी पुरती वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता यावा. आजच्या मैफलीच्या पियानोतल्या तारांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात जातो. एका माणसाच्या दहा बोटांनी ऐंशी वादकांशी बरोबरीने बोलायचं, हे त्या लोखंडामुळे जमलं.

गंभीर आणि हलकं ही वाटणी झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सिंफनी ऐकताना गप्प बसायचं, मधे टाळी वाजवायची नाही, खाणंपिणं बाहेर, असे रिवाज हळूहळू पक्के झाले. बर्लिनमध्ये बेन्यामिन बिल्झे यांचा वाद्यवृंद अजून टेबलं मांडून, बिअरच्या साक्षीने वाजत होता आणि उत्तम वाजत होता. १८८२मध्ये वॉर्साच्या दौऱ्यासाठी त्यांनी वादकांना रेल्वेच्या चौथ्या वर्गाच्या डब्यातून न्यायचं ठरवलं. चोपन्न वादक बिथरले, बाहेर पडले आणि त्यांनी आपला वेगळा वाद्यवृंद काढला. तोच आजचा बर्लिन फिलहार्मोनिक. सोवळ्या संगीताचं हे सर्वोच्च पीठ बिअरच्या टेबलांमधून उठून आलेलं आहे, हे फार लोकांच्या लक्षात नसतं.

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये हेन्री ली हिगिन्सन नावाच्या धनिकाने १८८१मध्ये बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला. तरुणपणी हा गृहस्थ पियानो शिकायला व्हिएन्नाला गेला होता. हाताच्या दुखण्याने ते स्वप्न सुटलं आणि तो पेढीवर बसला. वादकांना उन्हाळ्यात काम नसे. त्यांना बारा महिने पोटापाण्याची शाश्वती मिळावी म्हणून १८८५पासून युरोपातल्या बागांतल्या मैफलींच्या धर्तीवर हलक्याफुलक्या संगीताचा हंगाम सुरू झाला. त्यालाच पुढे ‘बॉस्टन पॉप्स’ हे नाव मिळालं. सिंफनी हॉलमधल्या तळमजल्याच्या खुर्च्या उचलायच्या, टेबलं मांडायची, वाढपी फिरू लागायचे आणि वाजवायला बसायचे तेच सिंफनीचे वादक. हिवाळ्यात ब्राम्स वाजवणारा माणूस मे महिन्यात त्याच खुर्चीत बसून वॉल्ट्झ वाजवत असे. पुस्तकातला सगळा वाद या एका व्यवस्थेवर येऊन टेकतो. ‘हलका’ म्हणून ज्याला हिणवायचं तो वाद्यवृंद वेगळा नव्हताच. वेगळं होतं ते टेबल.

१९३० साली आर्थर फिडलर या पॉप्सचे प्रमुख झाले आणि १९७९मध्ये मरेपर्यंत राहिले. वडील याच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. आर्थर स्वतः व्हिओला, पियानो, चेलेस्टा, वेळ पडेल ते वाजवत. १९२९मध्ये चार्ल्स नदीच्या काठी विनामूल्य मैफली त्यांनीच सुरू केल्या. (ज्युलियँप्रमाणे यांनाही आगीच्या बंबांचं वेड होतं. लोकरंजन आणि अग्निशमन यांचा काय संबंध असावा, यावर कुणीतरी संशोधन करावं.) फिडलर यांची कार्यक्रम बांधण्याची पद्धत साधी होती. पहिल्या भागात ओव्हर्चर, मार्च, ऑपेरातले तुकडे. तिसऱ्या भागात चालू जमान्यातली गाणी. आणि मधल्या भागात एकल वादक, बहुतेकदा पियानोवादक. खाणं झालेलं, चालू गाणी अजून व्हायची, अशा वेळी टेबलांवरचं बोलणं थांबवायचं काम पियानोवादकाच्या गळ्यात पडे.

ते काम पहिल्यांदा चोख केलं हेसुस मारिया सानरोमा यांनी. पोर्टो रिकोत १९०२मध्ये जन्मलेले सानरोमा शिकायला बॉस्टनला आले आणि बॉस्टन सिंफनीचे नेमलेले पियानोवादक झाले. १९३५मध्ये फिडलर आणि पॉप्सबरोबर त्यांनी गर्श्विनची ‘रॅप्सडी इन ब्लू’ ध्वनिमुद्रित केली. ज्यांना वाटतं की पॉप्सबरोबर वाजवणारा वादक दुय्यमच असणार, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. हिंडेमिटसारख्या कडक शिस्तीच्या जर्मन संगीतकाराने आपला पियानो कन्चर्टो याच सानरोमांसाठी लिहिला आणि १९४७मध्ये क्लीव्हलँडला जॉर्ज सेल यांच्या वाद्यवृंदाबरोबर तो पहिल्यांदा सानरोमांनीच वाजवला.

‘रॅप्सडी’चं नाव निघालंच आहे तर तिथे थोडं थांबू, कारण या क्षेत्राचा सगळा गुंता तिच्यात आहे. १२ फेब्रुवारी १९२४, न्यूयॉर्कचा एओलियन हॉल. नाचाच्या बँडचे सम्राट पॉल व्हाइटमन यांनी ‘आधुनिक संगीतातला एक प्रयोग’ अशी जाहिरात करून दुपारची मैफल लावली होती. व्हाइटमन मुळात सिंफनीत व्हिओला वाजवणारे. जॉर्ज गर्श्विन मुळात गाण्यांच्या प्रकाशकाकडे गिऱ्हाइकांना चाली वाजवून दाखवणारा पोरगा. आपण जाझ कन्चर्टो लिहीत आहोत, ही बातमी त्याच्या भावाला जानेवारीच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात सापडली आणि मग काही आठवड्यांत लिहून काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. बॉस्टनला जाणाऱ्या आगगाडीच्या खडखडाटात आपल्याला तिचा आराखडा दिसला, असं गर्श्विन पुढे सांगत असे. गर्श्विनने पियानोसाठी लिहायचं आणि व्हाइटमनच्या बँडसाठी तिची मांडणी फेर्डे ग्रोफे यांनी करायची, अशी कामाची वाटणी होती.

कार्यक्रम लांबलचक होता आणि ‘रॅप्सडी’ शेवटून दुसरी. प्रेक्षक कंटाळलेले. तेवढ्यात रॉस गॉर्मनची क्लॅरिनेट खालून घरंगळत वर चढली. कागदावर तिथे सुटे सुटे सतरा स्वर होते. गॉर्मनने तालमीत थट्टा म्हणून ते एकात एक मिसळून मींड घ्यावी तसे ओढले होते आणि गर्श्विनने तेच कायम ठेवायला लावलं. नंतर मंचावर एक वेगळीच गोष्ट घडली. पियानोच्या काही जागा गर्श्विनने लिहिल्याच नव्हत्या; आयत्या वेळी सुचेल ते वाजवणार होता. ग्रोफेच्या प्रतीत बँड पुन्हा कुठे सुरू करायचा त्या जागी सूचना होती : मान हलेपर्यंत थांबा. तेवीसेक वादक वाद्यं सरसावून बसलेले, व्हाइटमन छडी उचलून उभे, आणि सगळ्यांचे डोळे पियानोवर वाकलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराच्या मानेकडे. समेकडे डोळे लावून बसलेला तबलजी ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा ताण वेगळा समजावून सांगायला नको.

आज ही रचना वाजवणाऱ्यांसमोर ती मान नाही. सगळं छापलेलं आहे. वाजवणाऱ्याने त्यात पुन्हा तो जुगार कसा आणायचा, हा प्रश्न आहे. सिंफनीच्या शिस्तीत वाढलेला वादक ती रुंद, भारदस्त करतो. मधली सुरावट चैकॉव्स्कीसारखी वाजू लागते. गर्श्विनने स्वतः व्हाइटमनबरोबर १९२४मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण, काटछाट केलेलं असलं तरी, ऐकावं. काय झपाटा आहे! भावविवश व्हायला त्याला सवडच नाही.

अर्ल वाइल्ड यांचा रस्ता याच रचनेतून गेला. पिट्सबर्गच्या या वादकाला १९४२मध्ये संचालक तोस्कानीनी यांनी एनबीसी सिंफनीबरोबर ‘रॅप्सडी’ वाजवायला बोलावलं. क्लॅरिनेटवर बेनी गुडमन. त्याआधी वाइल्ड यांनी ती कधी वाजवली नव्हती, पण त्या दिवसापासून ‘गर्श्विनवाला’ हा शिक्का बसला तो बसलाच. १९५९मध्ये फिडलर आणि पॉप्सबरोबर त्यांनी केलेलं ध्वनिमुद्रण आजही पहिल्या पंक्तीत बसतं. पुढे १९६५मध्ये याच माणसाने संचालक यशा होरेन्स्टाइन यांच्याबरोबर राख्मानिनॉफचे चारही कन्चर्टो ध्वनिमुद्रित केले आणि जाणकारांनी माना डोलावल्या. बोटं तीच होती. लोकांना मात्र दोन अर्ल वाइल्ड दिसत राहिले.

या कथेत एक मोठी बाजू नेहमी झाकली जाते आणि ती उघडी केल्याबद्दल लेखकांचं खास कौतुक करायला हवं. व्हाइटमनला ‘जाझचा राजा’ म्हणत, पण राज्य दुसऱ्यांचं होतं. एओलियन हॉलमधल्या त्या दुपारच्या बारा वर्षं आधी, १९१२मध्ये, जेम्स रीस युरोप यांनी कृष्णवर्णीय वादकांचा शंभरावर माणसांचा क्लेफ क्लब ऑर्केस्ट्रा कार्नेगी हॉलमध्ये उभा केला होता आणि त्यात पियानोंची ओळच्या ओळ होती. हार्लेमच्या पियानोवादकांचे गुरुस्थान असलेले जेम्स पी. जॉन्सन यांनी ‘यामेक्रॉ’ ही पियानो आणि वाद्यवृंदाची रॅप्सडी रचली. १९२८मध्ये ती कार्नेगी हॉलमध्ये वाजली तेव्हा जॉन्सन यांना त्यांच्या नाटकमंडळींनी सुटी दिली नाही, म्हणून पियानोवर बसले त्यांचे शिष्य फॅट्स वॉलर. गर्श्विनच्या रचनेला शंभर वर्षांत हजारो प्रयोग मिळाले. ‘यामेक्रॉ’ ऐकलेला माणूस भेटणं मुश्कील.

ब्रिटनमधली शाखा वेगळ्या मातीतली. हेन्री वुड यांचे प्रॉम्स १८९५मध्ये क्वीन्स हॉलमध्ये सुरू झाले ते उभ्या श्रोत्यांसाठी स्वस्त तिकिटाने, आणि हळूहळू गंभीर होत गेले. पियानोला लोकांत नेलं ते सिनेमाने. ‘वॉर्सा कन्चर्टो’च्या यशानंतर असे चित्रपटी कन्चर्टो बोकाळले. १९४५च्या ‘ब्रीफ एन्काउंटर’मध्ये तर नवी रचना न करता राख्मानिनॉफचा दुसरा कन्चर्टोच वापरला, वाजवला आयलीन जॉइस यांनी. या चित्रपटी रचनांबद्दल मी लेखकांइतका उदार नाही. बहुतेक ठिकाणी राख्मानिनॉफचं उसनं दुःख साखरेच्या पाकात घोळलेलं असतं. पण त्यांनी सर्वसामान्य माणसाचा कान कन्चर्टोच्या आकाराला सरावला, हे मान्य.

अमेरिकेत उलटा व्यापारही चालला होता. १९४१मध्ये फ्रेडी मार्टिनच्या नाचाच्या बँडने चैकॉव्स्कीच्या पहिल्या कन्चर्टोची सुरुवात उचलली आणि तिचं गाणं करून टाकलं. ऑस्कर लेव्हंट यांनी १९५१च्या ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’मध्ये गर्श्विनचा कन्चर्टो वाजवताना स्वप्नात पियानोवादकही आपणच, वाद्यवृंदही आपणच आणि टाळ्या वाजवणारा प्रेक्षकही आपणच असं दृश्य केलं. एकल वादकाच्या अहंकारावर यापेक्षा नेमकी टीका मी कुठे पाहिलेली नाही.

ज्या वादकांनी स्वतःचाच तमाशा उभा केला त्यांच्याविषयीचं प्रकरण सगळ्यात वादग्रस्त ठरेल. लिबराचे हे लेखकांचे लाडके दिसतात. १९४०मध्ये शिकागो सिंफनीबरोबर लिस्टचा दुसरा कन्चर्टो वाजवण्याइतकी त्यांची तयारी होती, हे खरं. पण पुढे त्यांनी मोठ्या रचना कापून त्यांचे चटकदार तुकडे केले आणि बाकीचं काम झगमगत्या कोटावर आणि पियानोवरच्या मेणबत्त्यांवर सोपवलं. त्यात मला लोकांवरचा अविश्वास दिसतो. त्यांच्यापेक्षा विनिफ्रेड ॲटवेल मला कितीतरी प्रामाणिक वाटतात. त्रिनिदादमधून लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला आलेल्या ॲटवेल मंचावर दोन पियानो ठेवत. एक झकास ग्रँड. दुसरा बॅटर्सीच्या जुनाट मालाच्या दुकानातून पन्नास शिलिंगांना घेतलेला खडखड्या उभा पियानो. एकावर अभिजात संगीत, दुसऱ्यावर रॅगटाइम, आणि कशाचीच लाज नाही. १९५४मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. त्याच वर्षी राख्मानिनॉफचं एक व्हेरिएशनही त्यांनी लोकप्रिय केलं. पियानोवादिका हेझेल स्कॉट यांच्यावरही इथे चार पानं आहेत, ती चाळिसापर्यंत वाढायला हरकत नव्हती.

सोव्हिएत रशियातली ‘एस्त्रादा’ची, म्हणजे मंचावरच्या लोकरंजनाची परंपरा मराठी वाचकाला बहुधा पूर्ण नवी असेल. निकोलाय कापूस्तिन मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत जुन्या पठडीत पियानो शिकले आणि ओलेग लुंडस्ट्रेम यांच्या जाझ बँडमध्ये कित्येक वर्षं वाजवत राहिले. त्यांच्या रचना ऐकताना वाटतं की माणूस आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो आहे. प्रत्यक्षात स्वर न् स्वर कागदावर उतरवलेला. गर्श्विनने कोरी सोडलेली जागा कापूस्तिनने शाईने भरून टाकली.

मुंबईचा धागा या पटात जोडलेला आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. टेडी वेदरफर्ड १९२०च्या दशकात शिकागोच्या व्हेन्डोम चित्रपटगृहात एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात पियानोवर असत. त्याच वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगही. शांघायमार्गे हाच वादक तिसाच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि १९४५मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. ताजच्या नाचघरातून जाझ शिकलेले गोव्याचे वादक पुढे चित्रपटसृष्टीत गेले. गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकलेली ही पिढी नसती तर आपल्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद मिळाला नसता. हळदोण्याचे चिक चॉकलेट आणि आपले सी. रामचंद्र यांच्या जोडीतून ‘अलबेला’ (१९५१) कसा घडला, शंकर-जयकिशन यांच्या भरगच्च वाद्यमेळामागे सेबॅस्टियन डिसोझा यांचा हात कसा होता, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये मुंबईत रागांवरच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून कशा वाजवून घेतल्या, हे सारं इथे आहे. ‘अंदाज’ (१९४९)मध्ये पियानोशी बसलेला दिलीपकुमार सगळ्यांना आठवतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत खरा पियानो वाजवणारे हात कुणाचे होते, हे विचारायची आपल्याला सवयच नाही. केंटनर यांनी आपलं नाव स्वतः काढून घेतलं होतं. आपल्या वादकांना तसं विचारलंही गेलं नाही.

आणखी एक दुवा. वूडी ॲलन यांच्या ‘मॅनहॅटन’ (१९७९) या चित्रपटाची सुरुवात ‘रॅप्सडी इन ब्लू’ने होते. पियानोवर गॅरी ग्राफमन, वाद्यवृंद न्यूयॉर्क फिलहार्मोनिक आणि संचालक मुंबईचे झुबिन मेहता. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला होता.

पॉप्सबरोबर वाजवताना वादकासमोर नेमक्या कोणत्या अडचणी असतात, यावर लेखकांनी खर्च केलेली पानं मला सर्वांत मोलाची वाटली. तालीम बहुतेकदा एकच, तीही गायक, निवेदक आणि ध्वनिव्यवस्थेत विभागलेली. उघड्या मैदानावर आवाज कोणत्याही भिंतीवरून परत येत नाही. दमट हवेत तारांचा मेळ बिघडतो. मायक्रोफोन पियानोच्या पोटात ठेवलेला, त्यामुळे हळुवार स्पर्श आणि जोरकस स्पर्श यांतला फरक ध्वनियंत्र चालवणाऱ्याच्या हातात. सगळ्यात अवघड गोष्ट ड्रम. सिंफनीत एकल वादक सुरावट जरा ओढून धरतो, संचालक त्याच्या श्वासाबरोबर थांबतो. मागे ड्रम चालू असेल तर काळ ताणता येत नाही. जे काही सांगायचं ते ठेक्याच्या आत राहून, स्वर किंचित अलीकडे-पलीकडे टाकून सांगावं लागतं. कॉन्झर्व्हेटरीत हे सहसा शिकवत नाहीत. म्हणून स्पर्धा जिंकलेले वादक इथे गडबडतात आणि हॉटेलात वाजवून तयार झालेला एखादा सहज निभावून नेतो.

हे पुस्तक आत्ता यावं याला कारण आहे. पीटर नीरो सतराव्या वर्षी पॉल व्हाइटमन यांच्या टीव्ही कार्यक्रमात ‘रॅप्सडी’ वाजवून पुढे आले. नंतर त्यांनी दशकानुदशकं पियानोवर बसून फिली पॉप्स चालवला. ते २०२३मध्ये गेले, आणि त्याच वर्षी त्यांचा तो वाद्यवृंदही पैशांअभावी बंद पडला. इतर ठिकाणी पॉप्सच्या हंगामात पडद्यावर चित्रपट लावून खाली संगीत वाजवण्याचे कार्यक्रम वाढले आहेत. तिकिटं खपतात, वादकांचे पगार निघतात, पण मधल्या भागातला पियानोवादक हळूहळू गायब होतो आहे. दुसरीकडे २०२०पासून अमेरिकेत ‘रॅप्सडी’वरचा हक्क संपला आणि तिच्या नव्या मांडण्या येऊ लागल्या. २०२४च्या शताब्दीला जाझ पियानोवादक ईथन आयव्हर्सन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिच्यावर सडकून टीका केली आणि मोठी धुमश्चक्री झाली. शंभर वर्षांच्या रचनेवरून लोक अजून भांडतात. माझ्या मते तिच्या तब्येतीचा याहून चांगला दाखला नाही.

लेखकांनी सगळा इतिहास सांगायचा दावा केलेला नाही. रचना, वादक, सभागृह आणि गल्ला या चार गोष्टी एकत्र ठेवून पाहायच्या, असा त्यांचा बेत आहे. संगीताच्या पुस्तकांत गल्ल्याचा उल्लेख अशुभ मानला जातो, इथे तसं नाही. स्वरलिपी वाचता न येणाऱ्या वाचकासाठी हे लिहिलेलं आहे, तरी कन्चर्टोच्या बांधणीबद्दल ढोबळ बोलून वेळ मारून नेलेली नाही. उणिवाही आहेत. जपानमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत आज जे घडतं आहे त्याला फारच थोडी जागा मिळाली. आंद्रे र्यू यांच्या वॉल्ट्झच्या साम्राज्याविषयी लेखक नको तितके सभ्य राहिले आहेत. मुंबईच्या ध्वनिमुद्रण खोल्यांतल्या पियानोवादकांवर स्वतंत्र पुस्तक हवं. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं अजून हयात आहेत. काम लवकर व्हायला हवं, आणि ते लेखकांनीच करावं अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.

वाचकाला एकच सांगणं. पहिलं प्रकरण उघडण्याआधी तीन ध्वनिमुद्रणं याच क्रमाने ऐका : व्हाइटमनबरोबर स्वतः गर्श्विन, १९२४, सानरोमा आणि फिडलर, १९३५, वाइल्ड आणि फिडलर, १९५९. तिन्ही इंटरनेटवर सहज सापडतात आणि तिन्ही मिळून तासभरही लागत नाही. त्यातलं कोणतं आवडलं ते समासात लिहून ठेवा, आणि पुस्तक संपल्यावर मत बदललं का ते तपासा. माझं बदललं नाही : सानरोमा.